उन्हाळ्यात मालवणच्या दर्यावर: सुरय, डॉल्फिन आणि कासवं बघायची तर

मालवण, तारकर्ली, देवबागला मे महिन्यात सकाळी नऊनंतर किनाऱ्यावर उभं राहिलं की एकच चित्र दिसतं. डॉल्फिनच्या एका कळपाभोवती सात-आठ होड्या, सगळ्यांची इंजिनं जोरात, आणि पाण्याबाहेर क्षणभर आलेल्या पाठीचा फोटो घ्यायची धडपड. अशा फेरीत डॉल्फिन दिसतोही, पण दिसते ती त्याची पळापळ. तोच समुद्र सकाळी सव्वासहाला, हळू चाललेल्या होडीतून पाहिला तर पक्षी, डॉल्फिन, कासवं सगळी आपापल्या कामात गुंतलेली सापडतात. पुढची माहिती सहा ते आठ जणांनी मिळून चार-पाच तासांसाठी स्वतंत्र होडी ठरवावी, या हिशेबानं दिली आहे.

दिवस कोणता निवडायचा

मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ चांगला. हिवाळी पाहुणे कुरव (गल) बघायचे असतील तर मार्च. बेटांवर विणीला येणारे सुरय (टर्न) आणि खोल पाण्यातले पक्षी हवे असतील तर एप्रिलची अखेर आणि मेचे पहिले तीन आठवडे. २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. तारीख उलटल्यावर कोणी गुपचूप न्यायला तयार झाला तरी जाऊ नका. बंदीच्या आधीच्या आठवड्यातही दक्षिणेकडून मोठ्या लाटा यायला लागलेल्या असतात.

दिवसाची वेळ वाऱ्यावर ठरते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो आठ-नऊपर्यंत पडतो, आणि अकराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. मधले तीन तास पाणी तेलासारखं सपाट असतं. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला की लहान पाठी, कासवाचं डोकं, पाण्यावर बसलेले पक्षी शोधणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून सहा-सव्वासहाला निघायचं आणि अकराच्या आत परतायचं. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी आणखी एक सोय असते: समुद्राकडे बघताना सूर्य पाठीमागे राहतो. दुपारनंतर तोच समोर येतो आणि पाण्यावरच्या चकाकीत सगळं काळं दिसतं.

भरती-ओहोटीचा विचार देवबाग किंवा निवतीसारख्या ठिकाणाहून निघताना फार महत्त्वाचा. कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समुद्राची लाट त्याच्यावर आली की ती उभी राहून फुटते, आणि होडी उलटण्याच्या घटना बहुतेक अशाच जागी होतात. जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ही वेळ मुंबईच्या आसपासची, मालवणकडे भरती थोडी आधी येते. याचा अर्थ असा की दशमी ते द्वादशीच्या सकाळी गेलात तर जातानाही आणि परततानाही मुखात पुरेसं पाणी मिळतं. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे सुकती (पूर्ण ओहोटी) असते, त्यात उधाणाचा ओढाही जोरदार. ते दिवस नदीमुखातून निघण्यासाठी टाळा. मालवण जेटी खुल्या खाडीत असल्यानं तिथून तिथीची एवढी अडचण येत नाही.

आदल्या संध्याकाळी इन्कॉइस या हैदराबादच्या संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. लाटेची उंची एक मीटरच्या आत असेल तर बहुतेकांना त्रास होत नाही. पण आकडा एकटा पुरत नाही, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं ते वाचा. पंधरा-सोळा सेकंदांची लाट भर समुद्रात जाणवतही नाही, पण ती दूर दक्षिणेतल्या वादळानं पाठवलेली असते आणि खडकांशी, नदीमुखाशी येऊन प्रचंड ताकदीनं फुटते. एप्रिल-मेमध्ये वारा नसतानाही असं होतं. त्या दिवशी बेटांच्या जवळ जायचं नाही.

होडी आणि तांडेल

मेरिटाइम बोर्डाची नोंदणी असलेली होडी घ्या. होडीवर क्रमांक आणि प्रवाशांची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. बसण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः बघा: प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, दुसरं इंजिन किंवा किमान वल्ही, नांगर आणि पुरेसा दोर, आणि वायरलेस सेट. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून आठ-दहा किलोमीटरवर जाते-येते. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कोणाला तरी खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट आवळून चालत नाही, त्यांच्या वजनाचं वेगळं मागा.

तांडेलशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, बोलणं निघण्याआधीच करा, समुद्रात इंजिनाच्या आवाजात नाही. "आम्हाला पाठलाग करायचा नाही, लांबून हळू बघायचंय, एकही डॉल्फिन दिसला नाही तरी पैसे पूर्ण" हे स्पष्ट सांगितलं की त्याच्यावरचं दडपण उतरतं. डॉल्फिन दाखवला नाही तर गिऱ्हाईक कुरकुरतं, या भीतीपोटीच बहुतेक होड्या पळवल्या जातात. रोज मासेमारीला जाणारा तांडेल मिळाला तर फारच उत्तम. तारली, बांगड्याचा थवा कुठे लागलाय हे त्याला माहीत असतं, आणि मासा जिथे, तिथेच पक्षी आणि डॉल्फिन.

सोबत काय, आणि बोट लागू नये म्हणून

दुर्बीण ७×५० किंवा ८×४२. दहापट किंवा त्याहून जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण जमिनीवर छान, होडीत मात्र हात हलला की चित्रच हरवतं. लांब बाह्यांचा सुती शर्ट, कानावरून बांधता येणारी टोपी, तीन लिटर पाणी माणशी, खारट पाण्यात भिजलेली काच धुवायला गोड्या पाण्याची छोटी बाटली. काचेवर समुद्राचं पाणी उडालं तर कोरड्या कापडानं पुसू नका. मिठाचे कण घासले जाऊन ओरखडे उठतात. आधी गोडं पाणी शिंपडा, मग टिपा.

बोट लागण्याचं कारण असं की कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे सांगतात आपण स्थिर आहोत. म्हणून मोबाइलमध्ये किंवा सतत दुर्बिणीत बघणाऱ्याला आधी त्रास होतो. दर मिनिट-दोन मिनिटांनी दुर्बीण खाली घेऊन क्षितिज बघा. होडीच्या मधोमध बसा, नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) हेलकावे सर्वांत जास्त आणि अगदी मागे डिझेलचा धूर. उपाशी निघू नका, पण तेलकटही नको. पेज, भाकरी, केळं चांगलं. गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

शोधायचं कसं

होडीला घड्याळ समजा. नाळ म्हणजे बारा, उजवा हात तीन, मागची बाजू सहा, डावा हात नऊ. "तो बघा, तिकडे" असं ओरडल्यानं कोणालाच काही दिसत नाही, "दोनला, दोनशे मीटर, क्षितिजाच्या खाली" म्हटलं की सगळे एकाच ठिकाणी बघतात. समुद्राचे भाग वाटून घ्या, प्रत्येकानं आपापल्या तीन तासांच्या पट्ट्यावर नजर ठेवायची. नुसत्या डोळ्यांनी हळूहळू फिरवत बघायचं, काही हललं की मगच दुर्बीण.

खुणा तीन. पहिली, पक्ष्यांचा घोळका: सुरय एकाच जागी घिरट्या घालत पाण्यात सूर मारत असतील तर खाली मासा वर आलेला आहे. दुसरी, फेस, पालापाचोळा आणि तरंगता कचरा यांची लांबच लांब रेघ. दोन प्रवाह जिथे मिळतात तिथे ती तयार होते आणि तिच्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) साठतं. अशी रेघ ओलांडून जाऊ नका, तिच्या कडेकडेनं चला. एप्रिलपर्यंत याच रेघांवर फॅलारोप नावाचे चिमुकले पक्षी थव्यानं पाण्यावर बसून गोल फिरताना दिसतात, नंतर ते उत्तर ध्रुवाकडे निघून जातात. तिसरी खूण, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असलेला किनारा आणि जाळं उचलणारे ट्रॉलर.

पक्षी

जेटीपासून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडापर्यंतच्या खडकांवर काळसर समुद्री बगळा, ब्राह्मणी घार आणि नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. हा परिसर १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो, त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. मेमध्ये इथे दिसणारे कुरव म्हणजे मागे राहिलेली, अजून पूर्ण पिसं न आलेली तपकिरी डोक्याच्या कुरवाची पिल्लं. प्रौढ पक्षी तोपर्यंत लडाख-तिबेटकडे गेलेले असतात.

खरं कसब लागतं ते सुरय ओळखायला, आणि तिथे चोचीपासून सुरुवात करावी. मोठा तुरेवाला सुरय कुरवाएवढा, चोच हिरवट पिवळी, पाठ गडद राखाडी. छोटा तुरेवाला त्याच्याहून बारीक, चोच नारिंगी, पाठ फिकट. दोघे शेजारी बसलेले असतील तर शंका राहत नाही, एकटा असेल तर चोचीचा रंग सूर्य पाठीमागे घेऊनच ठरवा, कारण उलट्या उजेडात पिवळं आणि नारिंगी सारखंच दिसतं. काळी चोच आणि टोकाला पिवळा ठिपका म्हणजे सँडविच सुरय. जाडजूड, आखूड काळी चोच म्हणजे गल-बिल्ड. शेपटीच्या दोन लांबलचक पांढऱ्या तारा आणि एकंदर फार फिकट रंग म्हणजे रोझिएट.

मे महिन्याचा मानकरी मात्र ब्रायडल्ड सुरय. वरून करडा-तपकिरी, खालून पांढरा, आणि कपाळावरची पांढरी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. त्याच्यासारखाच सूटी सुरय असतो, पण त्याची पांढरी खूण डोळ्याशीच थांबते आणि पाठ डोक्याइतकीच काळी असते. ब्रायडल्डच्या डोक्याची काळी टोपी आणि पाठ यांच्यामध्ये फिकट कॉलर दिसते. हा पक्षी तरंगत्या ओंडक्यावर, थर्मोकोलच्या तुकड्यावर, कधी कासवाच्या पाठीवर बसतो, म्हणून पाण्यावर काहीही तरंगताना दिसलं की वर कोणी आहे का ते बघा. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी फेरी फुकट जाणार नाही.

पंधरा-वीस किलोमीटर बाहेर गेलात तर वेगळीच मंडळी. पंख ताठ ठेवून लाटेलगत तिरकं सरकत जाणारा गडद तपकिरी पक्षी, चोच गुलाबीसर आणि टोक काळं, तो फ्लेश-फुटेड शिअरवॉटर. पाकोळीएवढा काळा पक्षी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, पाय पाण्यावर टेकवत नाचल्यासारखा चालणारा, तो विल्सनचा स्टॉर्म पेट्रल. तो अंटार्क्टिकाच्या परिसरात वीण करतो आणि तिथला हिवाळा टाळायला अरबी समुद्रात येतो. आणि सुरयाच्या मागे लागून त्याच्या चोचीतला मासा ओकायला लावणारा दांडगा काळपट पक्षी म्हणजे स्कुआ. हे सगळे एकाच सकाळी दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका.

डॉल्फिन आणि मोठे प्राणी

मालवणच्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक वेळा हिंदी महासागरी हम्पबॅक डॉल्फिन. तो वीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी, बोयसारख्या माशांच्या मागे असतो. वर येताना आधी लांब चोच तिरकी बाहेर निघते, मग पाठीवरचा उंचवटा, त्यावर छोटा पर (फिन), मग कमान करून तो खाली जातो. तीन-चार श्वास लागोपाठ, नंतर दोन-चार मिनिटांची बुडी. म्हणजे दिसेनासा झाल्याक्षणी होडी पुढे दामटायची नसते. जिथे आहात तिथे थांबा, तो बहुधा त्याच भागात वर येतो.

पर नसलेली, करड्या रंगाची, दीड मीटरच्या आसपासची गुळगुळीत पाठ एकदाच वर येऊन गेली तर ती फिनलेस पॉरपॉइज. ती होडीपासून लांब राहते, उडी मारत नाही, आणि पाणी सपाट नसेल तर दिसतच नाही. डॉल्फिनचा पर वर येतो आणि वळून खाली जातो. एकच पर सरळ रेषेत पाणी कापत राहिला, मागे शेपटीचं टोकही दिसत असेल, तर तो शार्क. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतील आणि होडीपेक्षा मोठा असेल तर व्हेल शार्क, प्लवक खाणारा निरुपद्रवी मासा.

देवमासे इथे नेहमी दिसत नाहीत, पण सिंधुदुर्ग किनाऱ्यासमोर ब्रायडेचा आणि निळा देवमासा दोघांच्याही नोंदी आहेत. निळ्याचा फवारा नऊ मीटरपर्यंत सरळ उभा, ब्रायडेचा त्याच्या निम्म्याहून कमी. ब्रायडेच्या डोक्यावर तीन उभ्या कडा असतात, जवळच्या फोटोत त्या मोजता येतात.

जवळ जाण्याची पद्धत अशी. डॉल्फिनपासून पन्नास मीटर आणि देवमाशापासून शंभर मीटर आत जायचं नाही. तीनशे मीटरवर असतानाच वेग पाच नॉटवर (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) आणा. समोरून किंवा थेट पाठीमागून कधीही नाही, बाजूनं आणि किंचित मागून, त्यांच्या दिशेला समांतर. अंतर गाठल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये. एकदम बंद-चालू करत राहिलात तर तो आवाज त्यांना जास्त दचकवतो. आधीच दोन होड्या असतील तर तुमची तिसरी लांबच ठेवा. वीस मिनिटं पुरेत. कळपाच्या मधून होडी घालून माय-पिल्लाची ताटातूट करू नका, पिल्लाला दर थोड्या वेळानं दूध हवं असतं.

ते कंटाळलेत हे ओळखता येतं. एकदम दिशा बदलणं, बुड्या लांबत जाणं, शेपटी पाण्यावर आपटणं, कळप घट्ट एकत्र येणं. यातलं काहीही दिसलं की निघायचं. उलट ते स्वतःहून होडीजवळ आले तर इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून बसून राहा, खायला काही टाकू नका, हात पाण्यात घालू नका. डॉल्फिन, देवमासे, समुद्री कासवं आणि व्हेल शार्क सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

कासव बघायला संयम लागतो. ऑलिव्ह रिडलेचं डोकं अंगठ्यासारखं दोन-तीन सेकंद वर येतं आणि जातं. ऊन चढल्यावर मात्र ते पाठ बाहेर काढून तरंगत पडतं, तेव्हा होडी वळसा घालून न्या, पंख्याच्या पात्यानं जखमी झालेली कासवं किनाऱ्यावर येतात. चपट्या शेपटीचा साप पाण्यावर दिसला तर तो समुद्री साप, जहाल विषारी. तो माणसाच्या अंगावर येत नाही, पण जाळ्यातून काढलेला साप मेलेला वाटला तरी हात लावू नका.

वेंगुर्ला रॉक्स

वेंगुर्ला आणि निवतीसमोरच्या या खडकाळ बेटांवर सुरयांची वीण होते आणि गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. पक्षीशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम १८७५ मध्ये इथे येऊन गेले होते, नंतर हुमायून अब्दुलअलींनीही या बेटांचा अभ्यास केला. पाकोळीची घरटी लाळेची असतात आणि त्यांची तस्करी होत असे, स्थानिकांनी राखण केल्यानं ती बरीच थांबली.

बेटावर उतरायचं नाही. सुरय उघड्या खडकावर किंवा कपारीत एखादंच अंडं घालतात. माणूस आला की सगळे एकदम उडतात, मेच्या उन्हात खडक तापलेला असतो, आणि सावली धरणारा पालक दूर गेला की अंडं काही मिनिटांत खराब होऊ शकतं. उरलेलं काम कावळे आणि घारी करतात. शंभर मीटरवरून फेरी मारा. पक्षी एकदम उडून कलकलाट करू लागले तर तेवढं अंतरही कमी पडलं, आणखी मागे या. ड्रोन अजिबात नको.

फोटो आणि नोंदी

शटर १/२००० किंवा जास्त, ऑटो आयएसओ, सलग फोकस, १००-४०० लेन्स. ट्रायपॉड होडीचा थरथराट लेन्सपर्यंत पोचवतो, हातातच धरा आणि गुडघे सैल ठेवा. डॉल्फिनच्या पाठीचा आणि पराचा आडवा फोटो सर्वांत उपयोगी, पराच्या कडेवरच्या खाचांवरून एकेक प्राणी ओळखता येतो.

ईबर्ड या पक्षी नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना चार तासांची एकच यादी करू नका. दर तासाला नवी सुरू करा, नाहीतर वीस किलोमीटरवर दिसलेला पेट्रल जेटीच्या नावावर जमा होतो. सस्तन प्राण्यांची नोंद वेळ, ठिकाण, संख्या, पिल्लं होती का, आणि होडी येण्याआधी ते काय करत होते, एवढी तरी हवी.

जाळ्यात अडकलेलं किंवा किनाऱ्यावर आलेलं कासव अथवा डॉल्फिन दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा. कासवाला परत पाण्यात ढकलू नका, बरेचदा ते दमलेलं असतं आणि बुडतं. मच्छीमारानं जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर त्याला शासनाकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तांडेलला हे माहीत नसेल तर सांगा, आणि सोडतानाचा फोटो काढून द्या, अर्जाला तो लागतो. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही निघण्याआधीच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये भरून ठेवा, आणि किती वाजता परतणार ते किनाऱ्यावरच्या एकाला सांगून ठेवा.